हिरवा आप्पा

आईच्या वर्षश्राद्धाला जेवणावळ नको, त्या पैशांत एखाद्या शाळेला काहीतरी देऊ, असं आम्ही भावंडांनी ठरवलं. घरामागच्या गल्लीतच विशेष मुलांची शाळा आहे. अप्पा बळवंत चौकात जाऊन मी मेणखडूंच्या तीस पेट्या, बारीक ब्रश, जलरंगाच्या वड्या आणि चित्रकलेच्या वह्या घेतल्या. पेट्या चोवीस रंगांच्या. द्यायचंच तर बारा कशाला! खोकी मांडीवर घेऊन रिक्षातून येताना स्वतःबद्दल फार बरं वाटत होतं.

ते वाटणं चित्रकलेच्या तासाला दहा मिनिटंही टिकलं नाही. सेरेब्रल पाल्सी असलेल्या एका मुलाची मूठ एकदा वळली की सहजी उघडत नाही. त्याने हिरवा खडू धरला आणि कटकन दोन तुकडे झाले. दुसरा दिला, तोही मोडला. तिसऱ्यानंतर त्याने पेटीच माझ्याकडे सरकवली. एक मुलगी पिवळा खडू चघळत होती. एका स्वमग्न मुलाच्या बोटाला ओला रंग लागला आणि तो कानांवर हात ठेवून बाकाखाली जाऊन बसला. मी चोरासारखा उभा.

सुट्टीत बाईंनी आपलं कपाट उघडून दाखवलं. हार्डवेअरचं दुकानच म्हणा ना. एसीच्या पाइपवर चढवतात त्या काळ्या फोमच्या नळीचे तुकडे, सायकलच्या हँडलच्या रबरी मुठी, खिडकीची डासांची जाळी, चिकटपट्टीची रिळं. ब्रशला फोम चढवला की तो आखडलेल्या हातातही बसतो. कागद चारी कोपऱ्यांना चिकटवला की सरकत नाही. चघळणाऱ्या मुलीसाठी रोज ताजी कणीक, हळदीने आणि बिटाने रंगवलेली. ओलं सोसत नाही त्याच्यासाठी झिपच्या पिशवीत बंद केलेला रंग. तो वरून बोटाने दाबत बसतो.

जाळीचं कोडं मला सुटेना. बाईंनी जाळीवर कागद ठेवला, माझ्याच पेटीतला खडू दाबून फिरवला आणि म्हणाल्या, "डोळे मिटून हात लावा." रेघ बोटाला खरखरीत लागली. दृष्टी नसलेली मुलं आपलं चित्र असं बोटांनी तपासतात. शांतिनिकेतनचे बिनोदबिहारी मुखर्जी दृष्टी गेल्यावरही कागद कापून चित्रं करत राहिले. त्यांच्यावरचा सत्यजित राय यांचा १९७२चा माहितीपट मी पाहिलेला, हळहळलेलोही. पण त्या हातांना काय साहित्य लागलं असेल, हे डोक्यात आलं नव्हतं.

"२०१६च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत," बाई म्हणाल्या. "माझ्या वर्गात बारा मुलं आणि बारा प्रकार. देणारे मात्र आपल्या नातवंडांच्या दप्तरातलं आणतात." टोमणा होता की नुसतं सांगणं, कळलं नाही. मी टोमणा म्हणून घेतला.

दुसऱ्या दिवशी बोहरी आळीत फोमची नळी मागितली तर दुकानदाराने विचारलं, "एसी किती टनाचा?" ब्रशला लावायचीय म्हटल्यावर त्याने माझ्याकडे निरखून पाहिलं आणि उरलेले तुकडे फुकट दिले.

राहता राहिले मोडके खडू. वितळवून मुठीत मावतील असे गोळे करता येतात, पण साचा हवा, असं बाई म्हणाल्या होत्या. मला आईचं बिडाचं आप्पेपात्र आठवलं, माळ्यावर पडलेलं. वाटीत खडू घालून वाटी उकळत्या पाण्यात ठेवली, खळग्यांना तेल लावलं, एकेक रंग ओतला. बायको दारात उभी होती. म्हणाली, "यात पुन्हा आप्पे होणार नाहीत हं." मग तिनेच सुरीने गोळे सोडवायला घेतले.

हिरवा आप्पा त्या मुलाच्या मुठीत बरोबर बसला. त्याने तो कागदावर दोनदा आपटला, मग खांद्यापासून हात ओढला. रेघ कागद ओलांडून टेबलावर गेली, टेबलावरून माझ्या बाहीवर. आप्पेपात्र आता बाईंच्या कपाटात असतं.