थापट्या, चिलापी आणि फेस

पुण्यात मुळा-मुठेवरच्या मुंढव्याच्या पुलावर कठड्याशी दुर्बीण लावून उभं राहिलं की मागून एखादी स्कूटर थांबतेच. "कोण पडलं?" पुलावरून वाकून बघणारा माणूस म्हणजे खाली काहीतरी वाईट घडलंय, हा शहराचा अनुभव. 'बदकं आहेत' म्हटलं की स्कूटरवाला हिरमुसून निघून जातो.

~

पक्षी सप्ताह ५ ते १२ नोव्हेंबर. एका टोकाला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, दुसऱ्याला सालिम अलींचा. योग चांगला जुळवलाय, पण हडपसरकरांनी त्या आठवड्यात फार आशा धरू नये. धोबी आलेले असतात, काठावर शेपटी हलवत तुतारी फिरत असते. बदकांची खरी गर्दी डिसेंबर-जानेवारीत.

~

थापट्या बदक. चोच पुढे पसरट, आणि तिच्या कडांना आतून कंगव्यासारखे बारीक दात. तोंड पाण्यात घालून पोहत राहायचं, चिखलपाणी गाळायचं, किडे, अळ्या, बिया पोटात. उत्तरेकडून इतका लांबचा प्रवास करून हा पाहुणा आपल्या सांडपाण्यावर ताव मारतो. मैल्यामुळे पाण्यात सूक्ष्म जीव माजतात, म्हणून थापट्या माजतात. शेकाट्यांचंही तेच. तेव्हा 'एवढे पक्षी आहेत म्हणजे नदी सुधारली' असं कुणी म्हणालं, तर आधी कोणते पक्षी, ते विचारावं.

इकॉलॉजिकल सोसायटीच्या प्रकाश गोळ्यांनी ऐंशीच्या दशकातच या मैल्या नदीच्या पक्ष्यांचा अभ्यास केला होता. म्हणजे ही गोष्ट आजची नाही.

~

मासे खाणाऱ्यांचं काय? चित्रबलाक येतात, नदी सुरय पाण्यावर घिरट्या घालतो. पण चोचीत सापडते ती बहुधा चिलापी. कमी प्राणवायूतही ती तग धरते.

~

कवडीपाट. सोलापूर रस्त्याने हडपसर, मांजरी मागे टाकली की थोडं पुढे. बंधाऱ्याखाली उथळ पाणी, खडक, आणि काठच्या झुडपांना पावसाळ्यात अडकलेल्या प्लॅस्टिकच्या चिंध्या. फोटोत त्या येऊ नयेत म्हणून छायाचित्रकार काय काय आसनं करतात! मला वाटतं, येऊ द्याव्यात.

खडकावर चक्रवाक. लडाख-तिबेटकडे कडेकपारीत अंडी घालणारा, केशरी रंगाचा. संस्कृत कवींनी त्याला रात्रभर जोडीदारापासून तोडून रडवलं. इथे मात्र जोडी शेजारी-शेजारी उभी असते, मागे फेस. माणूस जरा पुढे सरकला की आधी हीच ओरडतात आणि सगळा थवा उठवतात. त्यामुळे पक्षिनिरीक्षक त्यांच्यावर थोडे चिडून असतात.

~

जलपर्णी वाढली की जांभळ्या पाणकोंबड्यांची चंगळ. तिच्यावरून त्या पायी फिरतात. बदकांना मोकळं पाणी लागतं. मशीनने जलपर्णी काढली की यांचं घर जातं, त्यांचं उघडतं. पालिकेला दोघांचंही देणंघेणं नाही, तिला डासांच्या तक्रारी मिटवायच्या असतात.

~

तोंडाला रुमाल हवा. धुकं असेल त्या सकाळी वास जास्त, कारण वारा नसतो.

~

रविवारी पहाटे सोलापूर रस्त्याने गाड्या भरधाव निघतात, भिगवणला रोहित बघायला. कवडीला फारसं कुणी थांबत नाही. हेच पाणी रांजणगाव सांडसला भीमेत मिसळतं आणि पुढे उजनीत जातं. रोहितही तेच गाळून खातात.