औषधांच्या कपाटाचा हिशेब

४ नोव्हेंबर २०२४, सोमवार. एडिसन, न्यू जर्सी

दिवाळीच्या फराळाचे डबे अजून ऑफिसच्या पँट्रीत आहेत, आणि आजपासून ओपन एनरोलमेंट, म्हणजे पुढच्या वर्षाचा विमा आणि खाती निवडायची मुदत, सुरू झाली. पुढचे काही दिवस पेरोलच्या माझ्या टेबलापाशी माणसं येत राहतील. आरोग्यविम्याबद्दल सगळे विचारतात. एफएसएच्या, म्हणजे फ्लेक्सिबल स्पेंडिंग अकाउंटच्या रकान्यात मात्र आमच्या गोदामातले बहुतेक जण शून्य लिहून फॉर्म परत देतात. ते शून्य मला बघवत नाही.

व्यवहार सरळ आहे. पगारातली ठरवलेली रक्कम कर कापण्याआधीच बाजूला पडते आणि ती वर्षभर औषधपाण्यावर खर्चता येते. यंदा जास्तीत जास्त ३,२०० डॉलर, पुढच्या वर्षी ३,३००. त्या रकमेवर फेडरल प्राप्तिकर लागत नाही, शिवाय सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे मिळून ७.६५ टक्केही कापले जात नाहीत. १२ टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाने ६०० डॉलर ठेवले तर ११८ डॉलरच्या आसपास वाचतात. न्यू जर्सी आपला राज्याचा कर यातही सोडत नाही, तेव्हा इथल्यांनी तो धरूनच हिशेब करावा. पण ताप, सर्दी, ॲलर्जी, पोटदुखी यांवर घरात जो खर्च होणारच आहे, त्यातले ११८ डॉलर तासावर काम करणाऱ्या माणसाला थोडे नाहीत.

७ नोव्हेंबर, गुरुवार

पॅकिंगमधली जळगावची बाई जेवणाच्या सुट्टीत येऊन बसली. फॉर्म कोराच होता. “ताई, मधेच काम सुटलं तर माझे पैसे बुडतील ना?” तिच्या जागी कुणीही हेच विचारलं असतं. उत्तराला दोन बाजू आहेत, आणि माहितीपत्रकात पहिली बाजू इतक्या बारीक अक्षरांत असते की कुणी वाचत नाही.

ठरवलेली सगळी रक्कम वर्षाच्या पहिल्या दिवसापासून वापरायला मिळते. कापणी मात्र हप्त्याहप्त्याने होते. फेब्रुवारीत ३६० डॉलर खर्च करून मार्चमध्ये नोकरी सुटली, आणि तोवर पगारातून साठच डॉलर कापले गेले असले, तरी मालकाला उरलेले मागता येत नाहीत. आयआरएसचाच, म्हणजे इथल्या करखात्याचाच, नियम आहे. दुसरी बाजू अशी की खात्यात शिल्लक असताना नोकरी सुटली, तर त्यानंतरची खरेदी सहसा धरत नाहीत. म्हणून जिची नोकरी कच्ची आहे तिने खर्च वर्षाच्या सुरुवातीला करावा. चष्म्याचा नंबर तपासणं, दाताचं राहिलेलं काम, घरातल्या औषधांची भर, सगळं आधी उरकून घ्यावं.

तिच्या घरी दोन मुलं, एकाला दर वसंतात परागकणांची ॲलर्जी. गेल्या वर्षी काय काय आणलं ते आम्ही दोघींनी आठवून लिहिलं. ३६० डॉलरचा आकडा त्यातूनच आला. आठवड्याला सातेक डॉलर.

९ नोव्हेंबर, शनिवार

मुलीबरोबर फार्मसीत गेले. टायलेनॉल, जखमेवरच्या पट्ट्या, थर्मामीटर, कॉन्टॅक्ट लेन्सचं द्रावण, सॅनिटरी पॅड, एसपीएफ ३०चं सनस्क्रीन: हे सगळं एफएसएच्या कार्डावर गेलं. टूथपेस्ट आणि शॅम्पू मशीनने वेगळे काढले आणि त्यांचे पैसे दुसऱ्या कार्डावर द्यावे लागले. मोठ्या दुकानांच्या यंत्रणेत प्रत्येक वस्तूपुढे ती पात्र आहे की नाही याची नोंद असते, त्यामुळे काउंटरवरच्या मुलीशी वाद घालण्यात अर्थ नाही. सर्वसाधारण तब्येतीसाठी घेतलेली व्हिटॅमिनं बसत नाहीत. एखाद्या आजारासाठी डॉक्टरांनी तसं लिहून दिलं, तर बसू शकतात.

आज हे इतकं सोपं वाटतं, पण नेहमी असं नव्हतं. विनाचिठ्ठीच्या औषधांना आयआरएसने २००३मध्ये मुभा दिली. २०१०च्या आरोग्य कायद्याने ती काढून घेतली, आणि १ जानेवारी २०११पासून इन्शुलिन सोडून प्रत्येक औषधाला डॉक्टरांची चिठ्ठी लागू लागली. भारतात जिला आपण क्रोसिन म्हणून ओळखतो त्या साध्या पॅरासिटामॉलसाठीसुद्धा! चिठ्ठीसाठी डॉक्टरांकडे जावं तर तिथली फी बाटलीच्या किमतीहून जास्त. ती नऊ वर्षं लोकांनी आपल्याच बाजूला ठेवलेल्या पैशाला हात न लावता, कर भरलेल्या पैशातून गोळ्या घेतल्या. २७ मार्च २०२०ला करोनाच्या धामधुमीत केअर्स कायद्यावर सही झाली. त्याने चिठ्ठीची अट उठवली, तीही १ जानेवारीपासूनच्या खरेदीला धरून.

त्याच कायद्याने सॅनिटरी पॅड, टॅम्पॉन आणि कप पहिल्यांदा वैद्यकीय खर्चात धरले. पट्टी वैद्यकीय, आणि बाईला महिन्याच्या महिन्याला लागणारं पॅड मात्र वैद्यकीय नाही, हा भेद इतकी वर्षं कायद्यात कसा टिकला याचा मला आजही राग येतो. मुलीला दुकानातच हे सांगितलं. तिला ते खरंच वाटेना.

१७ नोव्हेंबर, रविवार

सासूबाई सांगलीहून आल्या आहेत, सहा महिन्यांच्या व्हिसावर. एडिसनच्या थंडीत गुडघे धरले. वोल्टारेनचं जेल आणायचं ठरलं. तेही २०२०पासूनच इथे चिठ्ठीशिवाय मिळू लागलंय. नवरा म्हणाला, “तुझ्या कार्डावर घे ना, कोण विचारतंय?”

मशीन विचारणार नाही, हे खरं. पण या खात्यातून स्वतःचा, जोडीदाराचा, वर्षाअखेरपर्यंत सत्तावीस वर्षं पूर्ण न झालेल्या मुलांचा आणि करकायद्यात बसणाऱ्या अवलंबितांचा खर्च करता येतो. व्हिसावर भेटायला आलेले आईवडील त्यात सहसा येत नाहीत, मग भले त्यांचा सगळा खर्च आपण करत असू. ग्रीन कार्ड घेऊन इथेच राहणारे, अर्ध्याहून जास्त खर्च आपण उचलतो असे आईवडील येऊ शकतात. पाहुण्या आईवडिलांचा खर्चही या कार्डावर चालतो, हा गैरसमज आपल्या लोकांत फार आहे आणि हिवाळ्यात तो घरोघरी ऐकू येतो. जेल आम्ही रोख पैशाने आणलं. त्यांनी सांगलीहून आणलेल्या औषधांचंही तेच. परदेशातून आणलेली औषधं सहसा या खर्चात धरता येत नाहीत, तेव्हा “भारतात स्वस्त, तिथूनच मागवू आणि क्लेम करू” हा बेत करूच नये.

२५ नोव्हेंबर, सोमवार

दिवसभर पावत्या. कार्डाची नुसती स्लिप पुरत नाही. दुकानाचं नाव, तारीख, वस्तूचं नाव आणि किंमत हे सगळं कागदावर हवं. लहान दुकानात घेतलं असेल तर पावतीचा फोटो तिथल्या तिथे काढावा. थर्मल कागदावरची शाई काही महिन्यांत उडते.

१५ डिसेंबर, रविवार

इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात आज सगळीकडे एकच विषय: एफएसएचे उरलेले पैसे कुठे घालवायचे? एकाने रक्तदाब मोजायची दोन यंत्रं घेतलीत, एकीने वर्षभर पुरेल इतक्या पट्ट्या. दर डिसेंबरला हे चालतं, आणि दर डिसेंबरला मला वाईट वाटतं. गरज नसलेली वस्तू घेऊन कर वाचत नाही, पैसा जातो. पुढच्या वर्षाचा साठा एकदम केला, तर क्लेम अडूही शकतो.

मुळात ही धावपळ नियमाने लादलेली आहे. वर्षाअखेर उरलेलं जप्त, हा दंडक. त्याला दोन पळवाटा दिल्या गेल्या: २००५मध्ये अडीच महिन्यांची सवलत, म्हणजे १५ मार्चपर्यंत खर्चायची मुभा, आणि २०१३मध्ये काही रक्कम पुढे नेण्याची सोय. यंदा जास्तीत जास्त ६४० डॉलर पुढच्या वर्षात नेता येतात. पण मालकाने यांपैकी एकच द्यावी किंवा कोणतीही देऊ नये, हे कायद्याने त्याच्यावर सोडलंय. जप्त झालेली रक्कम योजनेच्या खर्चाकडे वळवता येते. ज्याची होती त्याची म्हणून परत देता येत नाही.

श्रीमंत माणसाचे तीस-चाळीस डॉलर बुडाले तर त्याला कळतही नाही. गोदामातला माणूस त्याच भीतीने खातंच उघडत नाही. म्हणजे जप्तीचा नियम सगळ्यांना सारखा दिसतो आणि बाहेर ठेवतो तो गरजूंनाच.

१८ डिसेंबर, बुधवार

रक्कम पुढे नेण्याची सोय आपल्या योजनेत घ्यावी म्हणून साहेबांकडे गेले. आकडे मांडले. कर्मचाऱ्याने ठेवलेल्या डॉलरवर मालकाचेही बहुतेकदा ७.६५ टक्के वाचतात, हे दाखवलं. यंदा नाही, पुढच्या वर्षी बघू, असं उत्तर मिळालं. योजनेच्या दस्तऐवजात बदल वर्षाअखेरीच्या आत व्हायला हवा, म्हणून हे वर्ष गेलं. माझ्या मते हा निर्णय चुकीचा आहे, आणि मी तसं त्यांना सांगितलं.

४ जानेवारी २०२५, शनिवार

जळगावच्या बाईचं कार्ड आलं. तिने काल मुलाच्या ॲलर्जीच्या गोळ्या आणि थर्मामीटर घेतला. पावतीचा फोटो मला पाठवला. अजून एक हप्ताही कापला गेलेला नाही.

हे पान वाचणाऱ्या आणि इथे नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला सांगणं आहे: यंदाच्या पावत्या जानेवारीपासूनच एका पाकिटात टाका. नवी नोकरी लागली, लग्न झालं किंवा घरात बाळ आलं, तर नोव्हेंबरची वाट न पाहता लगेच एचआरकडे जा, कारण तेव्हाही खातं उघडता येतं आणि त्याची मुदत सहसा तीसच दिवसांची असते. आणि तुमच्या कंपनीत उरलेली रक्कम पुढे नेता येत नसेल, तर ती सोय लेखी मागा. गोदामातल्या, स्वयंपाकघरातल्या, तासावर राबणाऱ्या सहकाऱ्यांनाही त्या अर्जावर सही करायला बोलवा.