आपल्याजवळचं बॅकवॉटर : हनुवंतिया

हाऊसबोट म्हटलं की आपल्याला केरळच आठवतं. वेंबनाडचं पाणी, नारळाच्या रांगा आणि काथ्याने शिवलेल्या, एके काळी भात वाहून नेणाऱ्या केट्टुवल्लम बोटी. उज्जैनहून तिथे जायचं तर आठवड्याची रजा हवी आणि आरक्षणही बरंच आधी करायला हवं. पण शुक्रवारी रात्री लॅपटॉप मिटून शनिवारी सकाळी निघता येईल असंही एक बॅकवॉटर आहे. आपल्यापासून दोनशे किलोमीटरच्या आत, खंडवा जिल्ह्यात. त्याचं नाव हनुवंतिया.

गेल्या डिसेंबरात आम्ही पाच जण गेलो : आई, बाबा, आम्ही दोघं आणि सात वर्षांची लेक. इंदूरला पोहे-जलेबी झाली, सिमरोल मागे पडलं आणि भेरूघाट उतरताना माळव्याचं पठार संपून निमाड सुरू झालं. बडवाह, मोरटक्क्याच्या पुलावरून नर्मदेला नमस्कार, मग सनावदहून पुनासा-मूंदीच्या बाजूला वळायचं. दोन्हीकडे गहू आणि हरभऱ्याची शेतं. मग एका वळणावर अचानक समोर पाणीच पाणी.

"बाबा, हा समुद्र आहे?" लेकीने विचारलं. प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता, कारण पलीकडचा काठ दिसत नव्हता.

हे पाणी इंदिरा सागर धरणाचं. पुनाशाजवळ नर्मदेवर ९२ मीटर उंचीचं हे धरण उभं आहे. २३ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिरा गांधींनी त्याची पायाभरणी केली आणि आठच दिवसांनी त्यांची हत्या झाली. पाणी साठवण्याच्या क्षमतेत हा देशातला सर्वांत मोठा जलाशय. पूर्ण भरला की नऊशे चौरस किलोमीटरहून जास्त पसरतो, म्हणजे अख्ख्या मुंबई शहरापेक्षा मोठा. त्याच्या काठावर हनुवंतियात राज्याच्या पर्यटन विभागाने कॉटेज, बोट क्लब आणि हाऊसबोटींची सोय केली. २०१६पासून इथे जल महोत्सवही भरू लागला.

आमची हाऊसबोट साधी होती. दोन खोल्या, पुढे बसायला डेक, वर छप्पर. चार वाजता निघालो. वारा गार, पाणी निळं-करडं, मधूनमधून पाणकावळे. बेटांमागून बेटं येत होती, काही झाडीने भरलेली, काही नुसता मुरूम. आई थर्मासमधला चहा ओतत म्हणाली, "आपल्याजवळ एवढं सुंदर काही असेल असं वाटलं नव्हतं."

बोट चालवणारे दादा पन्नाशीचे असावेत. बाबांनी त्यांना विचारलं, "भैया, इन टापुओं के नाम क्या हैं?" ते हसले. "टापू तो अब हुए साहब, पहले पहाड़ी थी. गाय चराते थे हम." मग हात लांब करून म्हणाले, "उधर नीचे हमारा कुआँ है."

त्यानंतर डेकवर बराच वेळ कोणी बोललं नाही. ही सगळी बेटं म्हणजे टेकड्यांचे माथे आहेत, हे तोवर आमच्या लक्षातच आलं नव्हतं.

या जलाशयासाठी अडीचशेच्या आसपास गावं उठली, आणि हरसूद नावाचं एक अख्खं शहर. बाबांचं आजोळ खंडव्याचं. लहानपणी इटारसीकडे जाताना हरसूद स्टेशन लागायचं, हे त्यांना नीट आठवत होतं. आता तो रेल्वेमार्गसुद्धा वळवलेला आहे. २८ सप्टेंबर १९८९ रोजी याच हरसूदमध्ये मोठ्या धरणांविरुद्ध देशभरातून आलेल्या हजारो लोकांचा मेळावा झाला. बाबा आमटे आणि मेधा पाटकर ही आपल्या ओळखीची नावं त्यात पुढे होती. तरी २००४च्या जून अखेरीस गाव रिकामं झालं. अनेकांनी आपली घरं आपल्याच हातांनी पाडली, दारं-खिडक्या ट्रॅक्टरवर लादल्या आणि छनेराला, नव्या हरसूदला गेले.

केरळच्या आणि इथल्या बॅकवॉटरमध्ये हाच फरक आहे. वेंबनाड निसर्गाने घडवलं आणि त्याच्या काठाने लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत आले. आपलं हे पाणी म्हणजे धरणाचा फुगवटा. महाराष्ट्रातलं तापोळा किंवा भिगवणही तसंच. उजनीचं पाणी ओसरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, ते पाहायला लोक गाड्या काढून जातात.

हे सगळं ऐकून "मग इथे यायचंच कशाला?" असं आमच्या हिला वाटलं. बाबांचं म्हणणं वेगळं होतं. ते म्हणाले, "अगं, हे पाणी आपल्या घरापर्यंत आलेलं आहे."

ते खरंच आहे. इंदिरा सागरातून सोडलेलं पाणी खाली ओंकारेश्वर धरणात जातं. तिथल्या कालव्यातून ते उचलून, पंपांनी टप्प्याटप्प्याने सुमारे ३५० मीटर वर चढवून, उज्जैनी गावाजवळ क्षिप्रेत सोडतात. नर्मदा-क्षिप्रा जोड योजना म्हणतात ती हीच. फेब्रुवारी २०१४मध्ये ती सुरू झाली. २०१६च्या सिंहस्थात भर उन्हाळ्यात रामघाटावर पाणी होतं ते तिच्यामुळे. आपण सगळ्यांनी डुबकी मारली आणि 'हर हर महादेव' म्हटलं. हरसूदचं नाव तेव्हा आपल्यातल्या कितीजणांना माहीत होतं?

धरणातून १००० मेगावॅट वीजनिर्मितीची सोय झाली आणि निमाडातली शेतं भिजली. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्यांच्या विहिरीवरून आपली बोट जाते, त्यांचं नाव-गाव विचारण्याइतका वेळ आपल्याकडे असायला हवा.

जायचं असेल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम, कारण पावसाळ्यानंतर जलाशय भरलेला असतो. उन्हाळ्यात पाणी बरंच मागे सरतं आणि ऊनही कडक. बोटींच्या फेऱ्या आणि कॉटेजची चौकशी आधीच करून ठेवा. लहान मुलांना लाइफ जॅकेट घालायलाच लावा. परतताना ओंकारेश्वरचं दर्शन होतं. आणि बोटीवरच्या माणसाशी थोडं बोला. पुढचा सिंहस्थ २०२८मध्ये आहे. तेव्हा रामघाटावर उभं राहून मुलांनी "हे पाणी कुठून आलं?" असं विचारलं, तर उत्तर आपल्याला आलं पाहिजे.