दंडावरची पट्टी

वेल्समधील ग्लिनकॉरग या खाणकामगारांच्या खेड्यात ज्युलियन ट्यूडर हार्ट या डॉक्टरांनी सरसकट साऱ्यांचा रक्तदाब मोजला आणि १९७१ मध्ये ‘व्यस्त सेवेचा नियम’, म्हणजे जिथे गरज अधिक तिथेच चांगली सेवा दुर्मीळ, हे सूत्र मांडले. सेवेचा कस मात्र बारीकसारीक गोष्टींत लागतो. रक्तदाब मोजताना शर्टाच्या बाहीवरूनच पट्टी गुंडाळली, किंवा धापा टाकत आलेल्या म्हातारीला पाच मिनिटे टेकूही दिले नाही, तर आकडा फुगतो आणि नको ते औषध मागे लागते. महाराष्ट्रात सपाटीवर ३०,००० आणि डोंगरी-आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा निकष असला, तरी रांग दारापर्यंत गेली की तपासणीत पहिली कात्री लागते ती या पाच मिनिटांनाच, ही खरोखर जिवाला लागणारी गोष्ट आहे.