पॉपीचं फूल नव्हे, पान बघा

संपादकांची अट आहे, लॅटिन नावं नकोत. एकाच ठिकाणी मोडतो.

गेल्या माघात एका ओळखीच्या बाईंनी गच्चीतल्या कुंडीचा फोटो पाठवला. गुलाबी, गच्च पाकळ्यांची फुलं, पाकिटावर नाव ‘पिओनी पॉपी’. ‘‘सर, बी धरून ठेवू ना?’’ मी म्हटलं, आधी झाडं उपटा. त्या रागावल्या, अजून बोलत नाहीत. पण ते पापावेर सॉम्निफेरम होतं, म्हणजे सरळसरळ अफू. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यानं तिची लागवड परवान्याशिवाय गुन्हा आहे. परवाने मिळतात ते मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशातल्या ठरावीक पट्ट्यांत. पाकळ्या किती, रंग कोणता, हे कायदा विचारत नाही.

यावर हमखास येणारा प्रश्न : मग अनारशावरची खसखस? तीही याच झाडाची. बी खायला मोकळीक आहे, पेरायला नाही. हे मी व्याख्यानांत सांगून सांगून थकलो. ऐकणारे दोनच टोकं गाठतात. एक तर सगळ्याच पॉपींना घाबरतात, नाहीतर डब्यातली खसखस कुंडीत भुरभुरवून गंमत बघतात.

म्हणून पान बघा. अफूचं पान गुळगुळीत, निळसर-राखी, वरची पानं बिनदेठाची आणि खोडाला बुडाशी वेढून बसलेली. शर्ली पॉपीचं खोड केसाळ, पान खोल कातरलेलं. तिच्यात मॉर्फिन नाही. क्रॉयडनजवळच्या शर्लीचे पाद्री विल्यम विल्क्स यांनी 1880 च्या सुमारास रानटी लाल पॉपीत पांढऱ्या कडेचं एक फूल हेरलं आणि निवड करत करत ही जात घडवली. मला या माणसाचा हेवा वाटतो. कॅलिफोर्निया पॉपी तर वेगळ्याच प्रजातीची, खुशाल लावा.

पेरणीची वेळ हीच, ऑक्टोबरची काहिली ओसरल्यावर. बी धुळीसारखं बारीक, वाळूत मिसळून मातीवर नुसतं भुरभुरवायचं, पुरायचं नाही. सोटमूळ दुखावलं की रोप बसतं, म्हणून जागा बदलायची नाही. दाट झालं तर विरळणी करा. शेणखताचा मारा केलात तर पाला माजेल, फुलं रुसतील.

हीच गोष्ट आपल्या रानफुलांची, पण कासचं बी मागणाऱ्यांना ती पटत नाही. जांभ्यावरच्या बोटभर मातीत सीतेची आसवं उगवतात. तिथे नत्र नाही, म्हणून ती सूक्ष्म जीव पकडून खातात. त्यांना तुमची खतावलेली कुंडी काय कामाची? शिवाय 2012 पासून कास जागतिक वारशात आहे. तिथलं काहीही उचलायचं नाही.

हौस असेल तर तेरडा लावा. त्याची बोंडं आत्ता पिकलीत, बोट लागताच फुटतात. शेजारच्या अंगणातून मागून आणा आणि पावसाळ्यापर्यंत कोरडी ठेवा. आणि कुंपणाकडेचा काटेरी पिवळा धोत्रा, पॉपीचाच भाऊबंद, बी धरायच्या आत उपटा. त्याचं बी मोहरीत मिसळून 1998 मध्ये दिल्लीत माणसं मेली होती. त्याच्याबद्दल मात्र मला कधी कुणी फोटो पाठवून विचारलेलं नाही.