कॅनची कडी

मे महिन्यात सकाळी सहाच्या सुमारास कन्हानला आमच्या गल्लीत पाण्याच्या कॅनची गाडी येते. गाडी थांबली की बायका दारात येतात, पोरं रिकाम्या कॅन ओट्यावर आणून ठेवतात आणि कॅनवाला भाऊ दोन्ही हातांत एकेक भरलेली कॅन घेऊन चालू लागतो. मी त्याच्या बोटांकडे बघतो. तिसऱ्या घरापर्यंत मधल्या दोन बोटांवर एक पांढरी पट्टी उमटलेली असते, तिच्या दोन्ही कडा लालबुंद. कॅन खाली ठेवली की तो मूठ दोन-तीनदा उघडतो, मिटतो, हात झटकतो आणि पुढची कॅन उचलतो. पट्टी पांढरी दिसते कारण तेवढ्या जागेतलं रक्त दाबून बाजूला सारलेलं असतं. माझं सगळं काम त्या पट्टीभोवती चालतं.

मी साचे बनवणारा माणूस. हिंगण्याच्या एमआयडीसीत एका टूलरूममध्ये उमेदवारी केली, तिथंच फायलीनं पोलाद घासता घासता डिझाइनकडे वळलो आणि पुढची सगळी वर्षं बाटल्या, बरण्या आणि कॅन यांच्या कड्या-मुठींत गेली. त्या कॅनमधलं, म्हणजे जारमधलं, वीस लिटर पाणी म्हणजे वीस किलो, वर जारचे स्वतःचे सहाशे-सातशे ग्रॅम. हे सगळं ओझं माणसाच्या अंगावर येतं ते चार बोटांच्या वाटेनं. खांदा, पाठ, पाय पुढचं सगळं सांभाळतील, पण आधी बोटांनी हो म्हणायला हवं.

एक ढोबळ हिशेब सांगतो. हातात दहा किलोचं ओझं आहे, कडी आठ मिलिमीटर रुंद आहे आणि तळहात तिला आठ सेंटीमीटर लांबीत धरतो. म्हणजे ओझ्याला टेकायला जागा मिळाली साडेसहा चौरस सेंटीमीटरही नाही. दर चौरस सेंटीमीटरवर दीड किलोहून जास्त भार आला. तीच कडी अडीच सेंटीमीटर जाड आणि गोल केली की जागा वीस चौरस सेंटीमीटर होते आणि भार अर्ध्या किलोवर येतो. ओझं तेवढंच राहतं, बोटांचा त्रास तिपटीनं कमी होतो. मात्र याच हिशेबानं कडी जाड करत गेलं तरी चालत नाही. चार सेंटीमीटरच्या आसपास गेली की बोटं पूर्ण मिटत नाहीत, अंगठा बोटांना भेटत नाही आणि पकड सुटायला लागते. लहान हातांच्या बाईच्या बाबतीत हे आणखी लवकर होतं. अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या कामगार-आरोग्य संस्थेनं चांगल्या मुठीची मापं सांगितली आहेत : जाडी सुमारे १.९ ते ३.८ सेंटीमीटर, लांबी निदान साडेअकरा सेंटीमीटर, आत हात घालायला पाच सेंटीमीटर मोकळी जागा, आकार गोल, पृष्ठभाग गुळगुळीत पण न निसटणारा. आपल्याकडे अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतून १९९७ साली देबकुमार चक्रवर्ती यांचं भारतीय शरीरमापांचं पुस्तक आलं, तेव्हापासून आपल्या हातांची मापं परदेशी तक्त्यांवरून अंदाजानं धरायची गरज राहिली नाही.

पण मला पहिलं माप मिळालं ते घरी. माझे बाबा इथल्या कोळशाच्या खुल्या खाणीत होते. उन्हाळ्यात ते पाच लिटरची तेलाची रिकामी कॅन पाण्यानं भरून न्यायचे. कॅनला आईनं गोणपाट शिवलं होतं. ते ओलं केलं की दुपारपर्यंत पाणी थंड राही. कॅनची मूळची मूठ केव्हाच तडकली होती. बाबांनी मानेला जाड तार बांधली आणि तारेवर पाण्याच्या पाइपचा वीतभर तुकडा ओवला. खूप वर्षांनी मी तो तुकडा व्हर्निअरनं मोजला : बाहेरून २७ मिलिमीटर. शिवाय पाइप तारेभोवती फिरतो, त्यामुळे कॅन झुलली तरी मनगट झुलत नाही. बादलीच्या कडीवर असा पाइपचा तुकडा विदर्भातल्या कुठल्याही घरी दिसेल. मी नव्या मुलांना शिकवताना आधी तीच बादली हातात देतो.

या पाइपची एक खोड मात्र होती. तार मानेवर एका बाजूला सरकायची आणि कॅन तिरकी लटकायची. तिरकी कॅन चालताना दर पावलाला पोटरीवर आपटते. ओझ्याचा मध्य कडीच्या बरोबर खाली येत नसेल, तर मनगटाला ओझं पेलून वर ते सरळ ठेवायचं दुसरं कामही करावं लागतं. पाच लिटरच्या कॅनची मूठ मध्यरेषेपासून नऊ सेंटीमीटर बाजूला आहे असं धरा. पेल्यात पाणी ओतायला ती एका हातानं उभी धरली, की त्या नऊ सेंटीमीटरच्या टोकावर पाच किलो लटकतात आणि मनगट पिळवटतं. आजी पाणी ओतताना दुसरा हात बुडाखाली लावते तो यासाठी.

आता साधा प्रश्न. तेलाच्या, फिनाइलच्या कॅनला अंगाचीच पोकळ मूठ असते, मग पाण्याच्या पारदर्शक बाटलीला ती का नसते? तेलाची जुनी कॅन बनते ती वितळलेल्या प्लास्टिकच्या लोंबत्या नळीपासून. साच्याचे दोन भाग त्या नळीवर मिटतात, मुठीच्या जागी नळी चिमटीत धरली जाते आणि आत हवा भरली की मूठही फुगते. पाण्याची पारदर्शक बाटली पेट प्लास्टिकची, ती वेगळी. १९७३ साली नॅथॅनिएल वाएथ यांना जिचं पेटंट मिळालं, ती ही बाटली परीक्षानळीसारख्या दिसणाऱ्या जाड प्रीफॉर्मपासून होते. प्रीफॉर्म गरम करतात, आतून दांडीनं लांब ताणतात, मग हवेनं फुगवतात. या ताणण्यामुळेच तिची भिंत कागदासारखी पातळ असूनही मजबूत असते. अशा फुग्याला मध्येच भोक असलेली मूठ काढता येत नाही. म्हणून पाच लिटरच्या पेट बाटलीची कडी वेगळी बनवून मानेवर ठोकून बसवतात.

आणि मानेवरची ती चकती, झाकणाखालचा तो गोल कंगोरा? दोन लिटरची बाटली आपण त्याच कंगोऱ्याखाली दोन बोटं अडकवून आणतो, दोन्ही हातांत दोन-दोन. तो कंगोरा आपल्यासाठी नाही. प्रीफॉर्म फुगवताना यंत्र त्याला तिथं धरतं, कारखान्यात रिकाम्या बाटल्या हवेच्या झोतावर त्याच कंगोऱ्यावर लटकत पुढे सरकतात. बाटलीवर सगळ्यात काळजीपूर्वक ठरवलेली पकड यंत्राची आहे. माणसाच्या बोटांना तिच्यातलं उरलंसुरलं मिळतं. मला याचं वाईट वाटतं आणि ते मी प्रत्येक बैठकीत बोलून दाखवतो.

स्वस्त कडी हातात घेऊन उलटी करून बघा. प्लास्टिक वाचवायला ती आतून पोकळ, पन्हाळीसारखी केलेली असते. साचा सोयीनं उघडावा म्हणून या पन्हाळीचं उघडं तोंड खाली ठेवतात, म्हणजे दोन पातळ कडा थेट बोटांवर येतात. कडी वरून रुंद दिसते, पण ओझं टेकतं दीड-दीड मिलिमीटरच्या दोन धारांवर. त्यातच साच्याचे दोन भाग जिथं मिळतात ती रेघ त्याच धारेवर येते. साचा जुना झाला की त्या फटीतून प्लास्टिकचा पापुद्रा बाहेर येतो. आम्ही त्याला फ्लॅश म्हणतो. ओल्या, मऊ पडलेल्या बोटाला तो ब्लेडसारखा लागतो. उपाय एवढाच, की पन्हाळ पालथी घालायची, बंद गोल बाजू बोटांकडे ठेवायची आणि जोडरेघ वर न्यायची. साच्यात एक सरकता भाग वाढतो आणि कडीचं वजन आठ ग्रॅमवरून चौदावर जातं. प्लास्टिकच्या दाण्याचा भाव किलोला शंभर रुपये धरला तर कडीमागे साठ पैसे. एका कारखान्यात या साठ पैशांवर माझा नमुना परत आला. त्यांचं म्हणणं होतं, गिऱ्हाईक कडी बघून बाटली घेत नाही. बरोबर आहे, दुकानात बघत नाही. घरी पोचेपर्यंत त्याला ती कळते, पण तोवर पैसे देऊन झालेले असतात.

वीस लिटरच्या जारचं प्रकरण याहून अवघड. नायॉशनं १९९१ मध्ये आपलं ओझं उचलण्याचं सूत्र सुधारलं. सगळं मनासारखं असेल, म्हणजे ओझं अंगालगत, उंची सोयीची, कंबर न वळवता, कधीतरीच उचलायचं, तर मर्यादा २३ किलो. पकड वाईट असेल तर दहा टक्के वजा करायचे, उरले २०.७. भरलेला जार जवळपास तेवढाच भरतो. पण ‘मनासारखं’ कुठं असतं? फुगीर जार पोटाशी पूर्ण लागत नाही. हात घोट्यांच्या रेषेपासून ४० सेंटीमीटर पुढे गेले, की तेवढ्यानंच मर्यादा साडेचौदा किलोच्या आत येते, पकडीचा हिशेब त्यानंतर. आणि हे सूत्र दोन हातांनी उचलण्याचं आहे. एका हातात लटकवून जिना चढण्याला ते लागूच होत नाही.

एका हातात जार धरला तर त्याचं निम्मं अंग, साधारण तेरा-चौदा सेंटीमीटर, मांडीच्या आड येतं. हात तेवढा बाहेर काढावा लागतो आणि धड उलट बाजूला झुकतं. म्हणून कॅनवाला भाऊ दोन नेतो. एक नेण्यापेक्षा दोन नेणं त्याला सोपं जातं, कावडीला जसे दोन्हीकडे घडे. बघणाऱ्याला वाटतं गडी तगडा आहे. तो पाठ सरळ ठेवायला दुप्पट ओझं उचलत असतो.

तीन वर्षांपूर्वी मी जारसाठी माझी कडी केली. २८ मिलिमीटर गोल मूठ, तारेवरच्या पाइपसारखी फिरणारी, खाली मानेला घट्ट बसणारा पट्टा. मे महिन्यात घराच्या टिनावर तिला साठ किलो वाळूचं पोतं लटकवलं. मुठीला काही झालं नाही, पण ४५ अंशांच्या उन्हात पट्टा दुसऱ्या दिवशी तीन मिलिमीटर ताणला होता. प्लास्टिक गरम असताना सतत ओढ बसली तर ते तुटत नाही, हळूहळू सरकत जातं आणि सरकलेलं परत येत नाही. नागपूरकडची वस्तू जानेवारीत तपासून उपयोग नाही. पट्टा रुंद केला, दोन रिब वाढवल्या, पुढच्या मे महिन्यात पुन्हा लटकवलं. टिकला.

मग ती भाऊला वापरायला दिली. आठ दिवसांनी त्यानं कडी काढून माझ्या हातात ठेवली. “हाताले बरी हाय जी. पण गाडीवर देताच येत नाही.”

मला कळेना. दुसऱ्या दिवशी पहाटे पाण्याच्या प्लांटवर जाऊन उभा राहिलो. खालचा माणूस जार उचलून वर देतो, गाडीवरचा वाकून घेतो. देणाऱ्याचा हात कडीवर असतो. घेणाऱ्यानं धरायचं कुठं? जुन्या कडीत पट्टा आणि जारचा खांदा यांच्यात चार बोटं शिरायची, गाडीवरचा तिथं हात घालायचा. मी तीच फट बंद करून पट्टा रुंद केला होता. क्षणभर जार दोघांच्या हातात असतो, आणि माझ्या कडीत जागा एकाच हाताची होती.

घरी येऊन आईचा पितळी गुंड काढला. त्याला कडी नाही, कान नाही. पण मान आवळलेली आहे आणि ओठ बाहेर वळलेला. उचलणारी ओठाखाली बोटं घालते, उचलू लागणारी बुडाला हात लावते, गुंड डोक्यावरच्या चुंबळीवर बसेपर्यंत चार हात असतात आणि एकमेकांना आडवे येत नाहीत. नदीच्या घाटावरून पाणी आणणाऱ्या बायकांनी कोणाला तरी “जरा हात लाव व माय” म्हटल्याशिवाय भरलेला गुंड चढायचा नाही. ज्या कारागिरानं तो ठोकला, त्याला ही दुसरी बाई ठाऊक होती. माझ्या नकाशात ती नव्हती.

कन्हान नदीचं पाणी आज नळानं नागपूरला जातं आणि नदीकाठच्या आमच्या गल्लीत उन्हाळ्यात पाणी कॅननं येतं. बुडाला हात लावायची सोय जारला नाही, बूड सपाट, ओलं आणि निसरडं. म्हणून आता पट्ट्याच्या खांद्याला समोरासमोर दोन बोटखाचा घेतल्या आहेत, आतून गोल केलेल्या, तीन बोटं शिरतील एवढ्या. एकानं मूठ धरली तरी दुसऱ्याला खाच मोकळी राहते. जिन्यावर शेवटच्या पायरीला घरातल्या बाईनं हात लावायचा म्हटलं तर तिलाही ती सापडते. आईनं बघून सांगितलं, खाचेची वरची कड बांगडीला लागते. कड चार मिलिमीटर मागे घेतली.

मातीचा नमुना भाऊनं आणि त्याच्या गाडीवरच्या जोडीदारानं रिकाम्या जारवर धरून पाहिला. जोडीदार डावखुरा आहे, त्यानं खाच थोडी पुढे मागितली. ती सरकवली की पोलाद कापायला घ्यायचं. होळीनंतर कॅनची मागणी वाढते, त्याआधी पहिले शंभर नग निघायला हवेत, आणि टिनावर एक मे महिना काढायचा आहेच.