टाचणवही

परवा नातू घरून काम करता करता वैतागला होता. विचारले तर म्हणाला, "आजी, प्रश्न तोच, फक्त एक शब्द बदलतो. पण सकाळी क्षणात येणारं उत्तर दुपारी येईचना!"

मग त्याने माझ्या भाषेत समजावले. शाळेचे जनरल रजिस्टर घ्या. 'मातृभाषा अमुक असलेली मुले शोध' हा प्रश्न डेटाबेसला आधी सांगून ठेवता येतो. 'अमुक' म्हणजे काय, ते आयत्या वेळी कळते. तेलुगू म्हटले तर चार नावे. सूची पाहून नेमकी तेवढीच पाने उघडावीत. मराठी म्हटले तर जवळजवळ सगळीच. मग सूची कशाला, पहिल्या पानापासून वाचत सुटावे! तर शोधायची रीत आधीच ठरवावी की शब्द कळल्यावर? आधी ठरवली तर दर वेळचा विचार वाचतो, पण फसायची भीती.

पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसात २०१२ च्या ९.२ आवृत्तीआधी अशा नाव देऊन तयार ठेवलेल्या प्रश्नाची रीत शब्द न पाहताच ठरे. नंतर मधला मार्ग निघाला. पहिल्या पाच खेपा शब्द पाहून रीत ठरवायची, सहाव्या खेपेला खर्चाचा अंदाज ताडून पाहायचा. सरसकट रीत महाग दिसत नसेल तर पुढे तीच. आता पहिल्या पाचही खेपा 'मराठी'च आली तर? चार तेलुगू मुलांसाठीही अख्खे रजिस्टर वाचणे आले! नातवाचे असेच झाले होते. २०१९ च्या १२ व्या आवृत्तीपासून 'दर वेळी नव्याने ठरव' असे बजावता येते, ते त्याने केले आणि चहाला आला.

मी मात्र माझ्या टाचणवहीपाशी अडकले. सुरुवातीला वर्ग पाहून रोज पाठाचे टाचण काढायची. पुढे वर्ग ओळखीचे वाटू लागले आणि जुनेच टाचण तारीख बदलून उतरवू लागले. एका वर्षी दिवाळीनंतर, घरी कानडी बोलणारी एक मुलगी वर्गात आली. माझे पाठ ठरल्याप्रमाणे वेळेत संपले. ती वर्षभर गप्प होती. मी शेरा लिहिला, 'लाजाळू'.

टाचण वाईट नव्हते हो. रोज नव्याने काढत बसले असते तर शिकवले कधी असते? पण ती आली त्या दिवशी तरी वही मिटून वर्गाकडे पाहायला हवे होते.

असो. शेरा आता खोडता येत नाही.